मोठ्या आवाजात देतात, बारीक अक्षरांत काढून घेतात

या वेळचं आरोग्याचं पान आम्ही एका रिकाम्या डबीपासून सुरू करतो.

बिलोलीतल्या आमच्या वस्तीत एक मावशी आहेत. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलं. वय साठीच्या पुढचं. शुगर निघून बरीच वर्षं झाली. सरकारी दवाखान्यातून महिन्याच्या गोळ्या मिळायच्या आणि त्या नेमाने घ्यायच्या. दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या दिवसांत रात्री एका चॅनलवर अर्ध्या तासाचा एक कार्यक्रम लागायचा. समोर खुर्च्या टाकून दोघं बसलेले, एक प्रश्न विचारणार, दुसरा गळ्यात माळ घालून उत्तर देणार. मधूनमधून माणसं येऊन सांगायची, माझी शुगर चारशे होती, तीन महिन्यांत गेली, आता जिलेबी खातो. खाली फोन नंबर फिरत राहायचा. मावशींनी पुतण्याला फोन लावायला सांगितला. पार्सल आलं, वेचणीचे साठवलेले पैसे पोस्टमनसारखा आलेला पोरगा मोजून घेऊन गेला. डबीत हिरवट भुकटी. टीव्हीवर सांगितलं होतं, हळूहळू गोळ्यांची सवय सुटेल. मावशींनी हळूहळू केलं नाही, एकदम सोडल्या.

चार महिन्यांनी डाव्या पायाला खडा टोचला. शुगर वाढलेल्या पायाला ते कळलंच नाही. जखम चिघळली, बिलोलीहून नांदेडला न्यावं लागलं आणि एक बोट काढावं लागलं. बोटावर निभावलं असं डॉक्टर म्हणाले.

त्या घरी आल्यावर आम्ही भेटायला गेलो. मावशींची दहावीतली नात ती डबी घेऊन बसली होती. मोबाईलच्या कॅमेऱ्यात डबीची मागची बाजू मोठी करून ती इंग्रजी अक्षरं जुळवत होती. "नॉट फॉर मेडिसिनल यूज," तिने वाचलं. मग मराठीत सांगितलं, "आजी, हे औषध नाही असं त्यांनीच लिहिलंय." मावशी काही वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "टीव्हीवर दाखवायलेत म्हनल्यावर सरकारनं तपासलं असंल की, असंच वाटलं मला."

हे एकट्या मावशींना वाटत नाही. आम्ही विहारात वंदनेनंतर विचारलं तेव्हा निम्म्याहून जास्त हात वर आले. म्हणून हे पहिल्यांदा साफ सांगतो. सिनेमाला जसा सेन्सॉर बोर्डाचा दाखला लागतो, तसा टीव्हीवरच्या जाहिरातीला लागत नाही. कंपनी जाहिरात बनवते, चॅनल वेळेचे पैसे घेऊन दाखवतं. चूक आहे की नाही याची चौकशी झाली तर ती नंतर होते, तीही बहुतेक वेळा कुणी तक्रार केल्यावर. आणि तो अर्ध्या तासाचा 'कार्यक्रम' हा कार्यक्रम नव्हताच, ती अर्ध्या तासाची जाहिरात होती. जाहिरात ही जाहिरात आहे हे पाहणाऱ्याला स्पष्ट कळलं पाहिजे, असा केबल टीव्हीच्या नियमांतच नियम आहे. त्यासाठी पडद्याच्या कोपऱ्यात 'प्रायोजित' असा शब्द टाकला जातो. तो शब्द आमच्यापैकी कुणाला चष्मा लावूनही धड दिसला नव्हता.

आम्ही एक साधा उद्योग केला. तीन रात्री जाहिराती मोबाईलवर रेकॉर्ड केल्या आणि थांबवून थांबवून पाहिल्या. तोवर आम्हालाही अंदाज नव्हता की पडद्याच्या तळाशी एवढं काही लिहिलेलं असतं. जंतू मारणाऱ्या साबणाखाली लिहिलेलं, प्रयोगशाळेतल्या चाचणीनुसार, ठरावीक जंतूंवर. केस गळणं थांबवणाऱ्या तेलाखाली, तुटल्यामुळे होणारी केसगळती. म्हणजे मुळापासून गळणाऱ्या केसांबद्दल त्यांनी काही कबूलच केलेलं नाही. वजन कमी करणाऱ्या पावडरीखाली, योग्य आहार आणि व्यायामासोबत. आहार आणि व्यायाम केल्यावर पावडरीशिवायही वजन उतरतं, तो भाग वेगळा. गुडघेदुखीच्या तेलाखाली, परिणाम व्यक्तीनुसार वेगवेगळे असू शकतात. आणि एका ठिकाणी तर, दृश्य केवळ कल्पनात्मक. जाहिरात मराठीत, बोलणं मराठीत, टीप मात्र इंग्रजीत आणि दोन-तीन सेकंदांत गायब.

यात एक युक्ती आहे आणि ती एकदा कळली की सगळीकडे दिसायला लागते. तोंडाने, मोठ्या आवाजात, गाणं लावून जे दिलं जातं, तेच तळाच्या बारीक अक्षरांत परत काढून घेतलं जातं. उद्या कुणी कोर्टात खेचलं तर कंपनी म्हणणार, आम्ही लिहिलं होतं की. कान ऐकतात एक, डोळ्यांना वाचायला मिळत नाही दुसरं. पंचशीलात आपण मुसावादा वेरमणी म्हणतो. आमच्या मते अर्धं मोठ्याने आणि अर्धं हळू बोलणं हाही मुसावादच आहे, कुणाला हे जास्त कडक वाटेल, वाटू द्या.

कायद्यालाही ते तसंच वाटतं, हे सांगायला हवं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत टिपेबद्दल सरळ लिहिलं आहे. दावा ज्या भाषेत केला त्याच भाषेत टीप हवी. अक्षरांचा ठसा दाव्याच्या अक्षरांसारखाच हवा, जागा नजरेत भरणारी हवी. दावा बोलून केला असेल तर टीप त्या बोलण्याबरोबर दिसली पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टीप ही खोटा दावा दुरुस्त करण्यासाठी वापरता येणार नाही. म्हणजे वर 'शुगर मुळापासून जाते' आणि खाली 'हे औषध नाही' असं लिहिलं, तर खालच्या ओळीने वरची ओळ माफ होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. जाहिरात करणाऱ्या नट-नट्यांनाही दंड होऊ शकतो, वर्षभर जाहिराती करायला बंदी घालता येते.

शुगरसारख्या आजारांसाठी तर याहून जुना कायदा आहे. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा हा कायदा १९५४ चा. त्याच्या परिशिष्टात ५४ आजार आणि अवस्थांची यादी आहे. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, हृदयविकार, फेफरं, लकवा, संधिवात, लठ्ठपणा, मोतीबिंदू, अंगावरचे पांढरे डाग, बाईला मूल न होणं, पुरुषाची कमजोरी, अगदी उंची वाढवणंसुद्धा. यांपैकी कशावरही 'आमच्या औषधाने बरं होतं' अशी जाहिरात लोकांसमोर करायला बंदी आहे. औषध ॲलोपॅथीचं असो, आयुर्वेदिक असो, युनानी असो. पहिल्यांदा शिक्षा झाली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. ही यादी वाचताना लक्षात येतं की रात्रीच्या त्या चॅनलवर दिसणारं जवळजवळ सगळं याच यादीतलं आहे. कायद्याने सत्तरी गाठली आणि जाहिरातींनी रंगीत टीव्ही गाठला.

म्हणूनच आता बऱ्याच कंपन्या औषध म्हणून विकतच नाहीत. आहारपूरक पदार्थ म्हणून विकतात. हे खोक्यावरून ओळखता येतं. खोका हातात घेतला की 'एफएसएसएआय' अशी खूण आणि तिच्याजवळ चौदा आकडी नंबर आहे का ते बघा. तो नंबर खाण्याच्या पदार्थाचा परवाना आहे. बिस्किटाच्या पुड्यावर असतो, लोणच्याच्या बरणीवर असतो, तोच. औषधावर औषध निर्मितीचा परवाना क्रमांक असतो, आयुर्वेदिक असेल तर 'आयुर्वेदिक औषध' असं लिहिलेलं असतं. शुगर घालवणारं म्हणून आणलेल्या डबीवर बिस्किटाचा परवाना असेल, तर तुमच्या हातात बिस्किटाच्या जातीची वस्तू आहे. शिवाय अशा पूरक पदार्थावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापणं कायद्याने सक्तीचं आहे. मावशींच्या नातीने वाचलं ते हेच.

परवाना औषधाचा असला म्हणून दावा खरा असतो असंही नाही. पतंजलीचं प्रकरण सगळ्यांनी ऐकलंय. इंडियन मेडिकल असोसिएशन २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने बजावलं, तरी जाहिराती थांबल्या नाहीत. मग अवमानाची नोटीस निघाली. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने ६७ वर्तमानपत्रांत माफीनामा छापला. तेव्हा न्यायालयाने जे विचारलं ते या लेखाच्या कामाचं आहे. तुमच्या जाहिराती जेवढ्या मोठ्या असतात तेवढाच हा माफीनामा मोठा आहे का? कात्रण मूळ आकारात आणून दाखवा, भिंगातून बघायला लावू नका, असा त्याचा अर्थ. दुसऱ्याच दिवशी माफीनामा पुन्हा, मोठा छापला गेला. पुढे माफी स्वीकारून ऑगस्ट २०२४ मध्ये अवमानाचं प्रकरण मिटवलं गेलं. त्याच खटल्यात ७ मे २०२४ रोजी न्यायालयाने म्हटलं की जाहिरातीत चेहरा देणारे नामवंत लोकही तितकेच जबाबदार आहेत. देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयालाही शेवटी अक्षरांच्या आकाराचाच मुद्दा काढावा लागला.

आता लेकरांची गोष्ट. ही आम्हाला सगळ्यांत जास्त लागलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे ऊन कसं असतं ते सांगायला नको. टाकीतलं पाणी आटतं, टँकरचं येतं, लेकरांना जुलाब लागतात. जुलाबात लेकरू मरतं ते जंतूने कमी आणि अंगातलं पाणी-मीठ संपल्याने जास्त. त्यावर जगातला सगळ्यांत स्वस्त इलाज म्हणजे ओआरएसची पुडी. जागतिक आरोग्य संघटनेचं त्याचं माप ठरलेलं आहे. एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट. यात साखर चवीसाठी नसते. ठरावीक प्रमाणातली साखर आतड्याला मीठ आणि पाणी ओढून घ्यायला मदत करते. साखर त्याहून खूप जास्त झाली तर उलटं होतं, पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात.

आणि काही वर्षांपासून मेडिकलवर फळांच्या चवीची तयार पेयं मिळायला लागली. रंगीत खोकी, वर मोठ्या अक्षरांत ओआरएस ही तीन अक्षरं नावात घातलेली. साखर मात्र ठरलेल्या मापाच्या अनेक पट. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांच्याकडे अशी पेयं पाजून जुलाब वाढलेली लेकरं यायची. त्यांनी आठ वर्षं याचा पाठपुरावा केला, पत्रं लिहिली, न्यायालयात गेल्या. एप्रिल २०२२ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस वापरायला मनाई केली. आणि तीनच महिन्यांनी, जुलै २०२२ मध्ये, सूट दिली. अट एवढीच की खोक्यावर टीप छापायची, हे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेलं ओआरएस नव्हे. म्हणजे नाव ओआरएसचं, आणि बारीक अक्षरांत 'हे ओआरएस नाही'. हे काही रात्रीच्या चॅनलवरच्या माळवाल्याने केलं नव्हतं, परवानगी देऊन झालं होतं. तीन वर्षं ते चाललं. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी प्राधिकरणाने ती सूट मागे घेतली. आता खाण्यापिण्याच्या कुठल्याही वस्तूच्या नावात ओआरएस वापरता येत नाही, मागेपुढे कुठला शब्द जोडला तरी. त्यावर कंपन्या न्यायालयात गेल्या, पण आदेश टिकला.

बिलोलीहून हैदराबाद आपल्याला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. मजुरीला, दवाखान्याला आपली माणसं तिकडे जातात. त्या गावातल्या एका बाईने आठ वर्षं भांडून तीन अक्षरं काढायला लावली, हे आपल्या वस्तीत माहीत असायला हवं. आणि हेही माहीत हवं की खरी ओआरएसची पुडी आशाताईकडे, अंगणवाडीत, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती साधी असते, तिची जाहिरात कुणी नट करत नाही. एक पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण टाकायची, अर्धी नाही. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. प्रत्येक जुलाबानंतर वाटीने, चमच्याने पाजत राहायचं, अंगावरचं दूध बंद करायचं नाही. सोबत झिंकच्या गोळ्या मिळतात, त्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस द्यायच्या. लेकरू सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी होईना, पाणी पोटात ठरेना किंवा संडासात रक्त दिसलं, तर घरी बसायचं नाही, लगेच दवाखाना.

लेकरांच्या दुधात घालायच्या पावडरींबद्दल थोडक्यात. उंची वाढते, डोकं चालतं, शक्ती येते, असं दाखवलेलं असतं. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका, कारण अन्न सुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' असा प्रकारच नाही. त्याच सुमारास हॉर्लिक्सच्या कंपनीने त्या वर्गाच्या नावातून 'हेल्थ' हा शब्द काढला. बोर्नव्हिटामध्ये शंभर ग्रॅममागे घातलेली साखर ३७.४ ग्रॅम होती. लोकांनी आरडाओरडा केल्यावर २०२३ च्या शेवटी ती ३२.२ वर आली. म्हणजे आजही तीन चमच्यांत साधारण एक चमचा साखर. या पावडरी विष नाहीत, आम्ही तसं म्हणत नाही. पण रोज पाच-दहा रुपयांची पुडी आणणाऱ्या आईला वाटतं की आपण लेकराला ताकद विकत घेतोय. त्याच पैशात अंडं येतं, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा येतो, फुटाणे येतात. ज्वारीची भाकरी आणि वरण खाणारं लेकरू काही कमी उंचीचं होत नाही.

गोरं करणाऱ्या क्रीमवर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण एक वाक्य लिहितोच. सगळ्यांत मोठ्या क्रीमने २०२० मध्ये नावातून 'फेअर' शब्द काढून 'ग्लो' घातला, आणि आपल्या पोरींच्या मनात काळेपणाची लाज चाळीसहून जास्त वर्षं घालून झाल्यावर तो काढला.

आणखी एक जाहिरात आहे, जी बघताना आपल्यातले काही जण हसतात आणि काही जण गुपचूप फोन लावतात. यंत्र, कवच, लॉकेट. घरात आजार टिकत नाही, कर्ज फिटतं, नोकरी लागते. यावर आपल्याच मराठवाड्यातून निकाल आला आहे. एका शिक्षकाने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात २०१५ मध्ये याचिका केली होती. टीव्हीवर हनुमान चालिसा यंत्राची जाहिरात चालते, त्यात चमत्काराचे दावे आहेत, ती थांबवा. न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांनी ५ जानेवारी २०२१ रोजी निकाल दिला. अशा वस्तूंमध्ये दैवी किंवा चमत्कारी शक्ती आहे असं सांगून त्या विकणं आणि त्यांची जाहिरात करणं बेकायदा आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे. आणि जाहिरात दाखवणारं चॅनलही त्यात जबाबदार आहे. अशा जाहिराती दाखवल्या जाऊ नयेत म्हणून मुंबईत कक्ष नेमा, असंही सरकारांना सांगितलं. हा तोच कायदा, ज्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाल्यावर जो आला. या कायद्याखाली तक्रार घ्यायला दक्षता अधिकारी असतो, म्हणजे आपल्या पोलीस ठाण्यातला निरीक्षक. बिलोलीचं ठाणंही याच खंडपीठाच्या हद्दीत येतं.

आम्ही बौद्ध आहोत, आमच्या घरात यंत्र कशाला येईल, असं कुणी म्हणेल. आलेलं आहे. फक्त त्यावर दुसरं चित्र असतं. बुद्धाच्या मूर्तीची अंगठी, धन आणणारा हसरा बुद्ध, आजार ओढून घेणारं पाण्याचं कासव. नागपूरला १९५६ साली बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या घरातही पार्सल येतंच.

अंगुत्तर निकायात केसपुत्त गावच्या कालामांची गोष्ट आहे. विहारात ती पुष्कळदा सांगितली जाते, पण या अंगाने आम्ही कधी पाहिली नव्हती. कालाम लोक भगवंतांना म्हणतात, आमच्या गावात एकामागून एक गुरू येतात, प्रत्येक जण आपलंच खरं सांगतो आणि दुसऱ्याचं खोटं ठरवतो, कुणाचं धरावं? जाहिरातींच्या ब्रेकमध्ये बसलेल्या माणसाची अडचण हीच नाही का? भगवंतांनी कशावरून मानू नये याची यादी सांगितली. ऐकीव आहे म्हणून नको, परंपरा आहे म्हणून नको, ग्रंथात आहे म्हणून नको. त्या यादीत शेवटाकडे एक कारण आहे, सांगणारा दिसायला, रुबाबाला पटण्यासारखा आहे म्हणूनही मानू नका. आता टूथपेस्टच्या जाहिरातीतला पांढरा कोट आठवा. आपल्या देशात डॉक्टरांनी औषधाची जाहिरात करणं त्यांच्या व्यवसायाच्या नियमांत बसत नाही, त्यामुळे कोट घातलेला तो माणूस बहुतेक वेळा नट असतो किंवा परदेशातला कुणी. इलायचीच्या जाहिरातीतले ते मोठे नट आठवा. इलायचीला एवढा खर्च कोण करतो? नाव आणि खोका गुटख्याचा, म्हणायचं इलायची. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. टीका झाल्यावर अक्षय कुमारने २०२२ मध्ये माफी मागून अशा जाहिरातीतून अंग काढून घेतलं, अमिताभ बच्चन त्याआधी बाहेर पडले होते. बंदी असलेली पुडी आपल्या पानटपरीवर कशी मिळते, ते बिलोलीकरांना आम्ही सांगायची गरज नाही.

तक्रार कशी करायची, ते आता सांगतो, कारण मावशींच्या प्रकरणात आम्ही हेच केलं. पार्सलचं खोकं, त्यावरचा पत्ता चिकटवलेला कागद, पैसे दिल्याची पावती फेकू नका. जाहिरात पुन्हा लागली तर मोबाईलवर टीव्हीचं शूटिंग करा, चॅनलचं नाव, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. मराठीत बोलता येतं. तक्रार क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. जाहिरातीविरुद्ध ॲस्की या जाहिरात क्षेत्राच्या मंडळाकडे ७७१००१२३४५ या नंबरवर व्हॉट्सॲपने ते शूटिंग पाठवता येतं. मंडळ सरकारी नाही, दंड करत नाही, पण जाहिरात मागे घ्यायला लावतं. औषध किंवा खाण्याच्या वस्तूबद्दल राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा १८००२२२३६५ हा फुकट नंबर आहे.

पैसे परत हवे असतील, नुकसानभरपाई हवी असेल, तर नांदेडला जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी दिल्लीची असो की हरिद्वारची, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, ही २०१९ च्या कायद्यातली मोठी सोय आहे. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर आयोगाची फी लागत नाही. वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षांची.

आम्ही डॉक्टर नाही. पण डॉक्टरांनी आमच्यासमोर मावशींना जे सांगितलं ते इथे लिहितो. शुगर, बीपी, फेफरं, टीबी, यांची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही, मग तो टीव्हीवरचा असो, शेजारचा असो की नात्यातला. काही नवीन घ्यायचंच असेल तर डबी दवाखान्यात नेऊन दाखवायची, आणि जुनी गोळी चालू ठेवायची. शुगर असलेल्याने रोज रात्री तळपाय बघायचे. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवून बघायचे, किंवा लेकरांना बघायला सांगायचं. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा नाही.

मावशींची तक्रार १९१५ वर नोंदवली आहे. कंपनीच्या नंबरवर फोन केला तर आधी गाणं लागतं, मग कट होतो. जिल्हा आयोगात अर्ज द्यायचं ठरलंय, तो मावशींची नात तिच्या हाताने मराठीत लिहिते आहे, आम्ही फक्त कलमं सांगतो. पुढे काय झालं ते या पानावर कळवू.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर विहारात थोडं थांबा. घरातल्या औषधांचे, पावडरींचे, तेलांचे, क्रीमचे खोके येताना पिशवीत घेऊन या, रिकामे असले तरी चालतील. चष्मा विसरू नका. भिंग आम्ही आणून ठेवलंय.